बरगडीच्या कूर्चेचा दाह आणि छातीचे चिवट दुखणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीत दुखू लागले की मनात पहिला विचार हृदयाचा येतो, आणि तो यायलाच हवा. मात्र सर्व तपासण्या होऊन हृदय ठीक असल्याचे कळल्यावरही ज्यांचे दुखणे महिनोन्‌महिने थांबत नाही, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. मी डॉक्टर नाही. बरगडीच्या कूर्चेच्या दाहाचे, म्हणजे कॉस्टोकॉन्ड्रायटिसचे, हे दुखणे मी स्वतः चौदा महिने काढले आहे, आणि त्या काळात डॉक्टरांकडून व फिजिओथेरपिस्टकडून जे समजून घेतले ते येथे नीट मांडले आहे. आपल्या प्रकृतीविषयीचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणजे नेमके काय?

आपल्या छातीच्या पिंजऱ्यात बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. बरगडीचे हाड छातीच्या मधल्या हाडापर्यंत, म्हणजे उरोस्थीपर्यंत, थेट पोहोचत नाही. शेवटचे काही अंतर कूर्चेचे, म्हणजे हाडापेक्षा मऊ अशा भागाचे, असते. वरच्या ७ बरगड्या आपापल्या स्वतंत्र कूर्चेने उरोस्थीला जोडलेल्या असतात, ८ ते १० क्रमांकाच्या बरगड्यांची कूर्चा वरच्या बरगडीच्या कूर्चेला जाऊन मिळते, आणि शेवटच्या दोन पुढच्या बाजूला मोकळ्याच असतात. कूर्चा लवचिक असल्यामुळेच श्वास घेताना पिंजरा फुलतो आणि सोडताना बसतो. हाड आणि कूर्चा, किंवा कूर्चा आणि उरोस्थी, यांच्या सांध्यावर दुखू लागणे म्हणजे कॉस्टोकॉन्ड्रायटिस. दुसऱ्यापासून पाचव्या बरगडीपर्यंतचे सांधे सर्वांत जास्त वेळा दुखतात, आणि बहुधा एकाच बाजूचे, पण एकाहून अधिक सांधे एकदम दुखतात.

नावात ‘दाह’ असला तरी त्या जागी लाली, गरमपणा किंवा दिसून येणारी सूज नसते. म्हणून अनेक डॉक्टर याला दाहापेक्षा सांध्यावर पडलेला ताण मानतात. हा फरक केवळ शब्दांचा नाही. दाह म्हटले की माणूस गोळीची वाट पाहतो. ताण म्हटले की तो ताण कुठून येतो, याचा शोध सुरू होतो. माझ्या दुखण्याला उतार पडला तो हा शोध सुरू झाल्यानंतर.

हे दुखणे कसे असते?

कोणाला सुरी खुपसल्यासारखी चमक येते, तर कोणाला दिवसभर दाबल्यासारखा ठणका असतो. खोल श्वास, शिंक, खोकला, जांभई, कुशीवर वळणे, जड दार ओढणे यांनी ते वाढते. दुखणारी जागा बहुधा बोटाने दाखवता येते, आणि तेथे दाबल्यास नेमके तेच दुखणे उमटते. काहींना कळ खांद्याकडे किंवा हाताकडे जाते, आणि नेमक्या याच गोष्टीने घाबरायला होते.

हे हृदयाचे दुखणे नाही, हे घरच्या घरी ओळखता येईल का?

नाही. या उत्तराला अपवाद करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘दाबल्यावर दुखते, म्हणजे हृदयाचे नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ते बऱ्याच वेळा खरे ठरते, आणि म्हणूनच धोक्याचे आहे. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात छातीत दुखते म्हणून आलेल्या १२२ रुग्णांची पाहणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३६ जणांना, म्हणजे सुमारे ३० टक्के रुग्णांना, कॉस्टोकॉन्ड्रायटिस असल्याचे आढळले. आणि या ३६ जणांपैकीही सुमारे ६ टक्के रुग्णांना हृदयविकाराचा झटका आलेला होता. बरगडी दुखणे आणि हृदयाचा त्रास ही दोन्ही दुखणी एकाच माणसात एकाच दिवशी असू शकतात.

याउलट हृदयाचे दुखणे नेहमी सिनेमात दाखवतात तसे डाव्या छातीवर हात दाबून कोसळण्यासारखेही नसते. मधुमेह असलेल्यांना, वयस्कर माणसांना आणि स्त्रियांना कधीकधी छातीत फारसे दुखतच नाही. दम लागतो, घाम फुटतो, मळमळते, जबडा किंवा पाठ भरून येते, आणि ‘पित्त झाले असेल’ म्हणून तास दोन तास सोड्याचे पाणी पिण्यात जातात. तेव्हा पहिल्यांदा छातीत दुखले की तपासणी करून घ्यावी. पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा, तसेच मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा घराण्यात लवकरच्या वयात हृदयविकार अशी पार्श्वभूमी असलेल्या तरुणांचाही कार्डिओग्राम काढला जावा. एक कार्डिओग्राम चांगला आला म्हणजे प्रश्न मिटला असेही नसते. शंका असल्यास डॉक्टर काही वेळाने तो पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारे प्रथिन, तपासतात. ते प्रमाण वाढायला काही तास लागत असल्यामुळे ही तपासणीही दोनदा करावी लागू शकते. थांबवून ठेवतात म्हणून चिडू नये.

लगेच १०८ वर फोन केव्हा करावा?

छातीवर ओझे ठेवल्यासारखे किंवा आवळल्यासारखे वाटत असेल. दुखणे जबड्याकडे, मानेकडे, पाठीकडे किंवा हातात उतरत असेल. सोबत घाम, धाप, मळमळ, घेरी असेल. चालताना किंवा जिना चढताना दुखून थांबल्यावर कमी होत असेल. अचानक श्वास लागून खोकल्यातून रक्त पडत असेल. एका पायाची पोटरी सुजलेली असेल. किंवा छातीतून पाठीकडे फाडल्यासारखी कळ गेली असेल, तर वाट पाहू नये. स्वतः दुचाकी चालवत रुग्णालयात जाऊ नये. आधी कॉस्टोकॉन्ड्रायटिसचे निदान झालेले असले, तरी दुखण्याची जात बदलली की हा नियम पुन्हा पहिल्यापासून लागू होतो.

डॉक्टर निदान कसे करतात? एक्स-रेमध्ये काहीच का दिसत नाही?

निदान बोटाने होते. डॉक्टर उरोस्थीच्या कडेने, एकेका बरगडीच्या सांध्यावर बोट ठेवून हळूहळू दाबत खाली येतात. मला तो क्षण आजही स्पष्ट आठवतो. दुसऱ्या बरगडीवर काही नव्हते. तिसरीवर बोट आले आणि ज्या दुखण्याने सात आठवडे झोप उडवली होती, ते तिथल्या तिथे, जसेच्या तसे उमटले. डॉक्टरांनी बोट उचलले, दुसऱ्या बाजूची तीच जागा दाबून दाखवली, तिथे काहीच झाले नाही. दुखण्याला इतकी नेमकी जागा आहे, हे मला त्या तपासणीतच कळले. याशिवाय डॉक्टर हात छातीसमोर आडवा ओढून पाहतात, किंवा दोन्ही हात मागे नेऊन मान वर करायला सांगून मागून हलकेच ओढतात, म्हणजे पुढचे सांधे ताणले जातात.

कूर्चा साध्या एक्स-रेत उमटत नाही, त्यामुळे तो चांगलाच येतो. रक्ताच्या तपासण्याही बहुधा चांगल्या येतात. एक्स-रे काढतात तो न्यूमोनिया, फुप्फुसाभोवतीची हवा किंवा पाणी, बरगडीची मोड अशी दुसरी कारणे वगळण्यासाठी. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे दुखणे मनाचे आहे’ असा अर्थ कोणी काढल्यास तो चुकीचा आहे.

टिट्झे सिंड्रोम म्हणजे हेच का?

जवळचे, पण वेगळे दुखणे. जर्मन शल्यविशारद अलेक्झांडर टिट्झे यांनी १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात दुसऱ्या किंवा तिसऱ्या बरगडीच्या सांध्यावर हाताला लागणारी सूज येते, बहुधा एकाच सांध्यावर, आणि ते तरुण वयात अधिक दिसते. छातीवर उंचवटा किंवा गाठ लागत असेल तर ती डॉक्टरांना दाखवावीच. स्वतः ‘टिट्झे असेल’ असे ठरवून थांबू नये.

हे कशामुळे होते?

अनेकदा एकच एक कारण सापडत नाही. परंतु गेल्या महिना दीड महिन्याचा हिशेब मांडला की बहुतेकांना काहीतरी सापडते. लांबलेला खोकला हे मोठे कारण आहे. दिवसातून शेकडो वेळा पिंजऱ्याला हिसका बसतो, खोकला जातो आणि दुखणे मागे राहते. घर बदलताना उचललेले कपाट, व्यायामशाळेत एकदम वाढवलेले वजन, महिनोन्‌महिने पुढे वाकून लॅपटॉपवर केलेले काम, लोकलमध्ये रोज दीड तास एकाच हाताने वरची कडी धरून उभे राहणे, छातीला लागलेला मार, हृदयाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, ही सारी कारणे होऊ शकतात.

काही कामे आपल्याकडे इतकी नेहमीची आहेत की त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. भिजलेली दुहेरी चादर हाताने पिळताना स्वतःकडे बारकाईने पाहावे. दोन्ही कोपरे शरीराजवळ येतात, दोन्ही हात उलट दिशांना वळतात, श्वास आपोआप रोखला जातो आणि छातीचे मोठे स्नायू दोन्हीकडून उरोस्थीच्या कडेला खेचतात. याच कडेवर ते सांधे आहेत. पंधरा माणसांची कणीक मळणे, पाट्यावर वाटणे, हापसा मारणे, लादी हाताने पुसणे, कडेवरच्या मुलाला एकाच बाजूला घेऊन घरभर फिरणे यांतही असेच होते. गणपतीच्या आधी ढोलपथकांचे सराव सुरू झाले की पहिल्यांदाच ढोल बांधलेली तरुण मुलेमुली अशाच दुखण्याने दवाखान्यात येऊ शकतात. कमरेला वजन, पाठीला ताण आणि दोन्ही हातांचे हजारो ठोके, तेही आदल्या दिवसापर्यंत खुर्चीत बसलेल्या शरीराला.

फिजिओथेरपिस्ट आणखी एक गोष्ट सांगतात, ती मला पटलेली आहे. बरगडी पुढे उरोस्थीला जोडलेली असते तशी मागे पाठीच्या मणक्यांनाही जोडलेली असते. मागचे सांधे आखडले तर श्वासाची सारी हालचाल पुढच्या सांध्यांना करावी लागते. याला मोठ्या अभ्यासांचे पाठबळ अजून नाही; पण पाठीकडे लक्ष दिल्यावर छातीचा त्रास हलका झाल्याचा अनुभव पुष्कळांना येतो, मलाही आला.

याला आपण उसण भरली किंवा गॅस धरला म्हणतो, तेच का हे?

उसण हा शब्द पाठीत, कमरेत, बरगडीत अचानक भरणाऱ्या कळेसाठी वापरला जातो आणि ती बहुधा स्नायूची असून काही दिवसांत सुटते. कॉस्टोकॉन्ड्रायटिस त्याहून चिवट असतो. गॅसचे म्हणाल, तर आम्लपित्ताने छातीत जळजळते हे खरे आहे, पण ते दुखणे बोटाने दाबून उमटत नाही आणि कुशीवर वळल्याने चमकत नाही.

किती दिवसांत बरे वाटते?

पुष्कळ जणांना काही आठवड्यांत, बऱ्याच जणांना काही महिन्यांत. तरीही वर उल्लेख केलेल्या पाहणीत वर्षभरानंतर ज्यांच्याशी पुन्हा संपर्क झाला, त्यांतील निम्म्याहून थोड्या अधिक जणांच्या छातीत अजून काही ना काही दुखत होते, मात्र कॉस्टोकॉन्ड्रायटिस ठामपणे म्हणता येईल असे सुमारे एकतृतीयांशच होते. ‘पंधरा दिवसांत जाईल’ असे सांगितले गेलेल्या माणसाला सोळाव्या दिवसापासून भीती वाटू लागते, म्हणून हे आकडे येथे दिले आहेत. दुखणे लांबले याचा अर्थ आत काही भयंकर वाढते आहे असा होत नाही. ते सरळ रेषेत उतरतही नाही. आठ दिवस बरे जातात आणि एका शिंकेने पुन्हा महिन्यामागे गेल्यासारखे वाटते. रोजच्या तुलनेपेक्षा महिन्याची तुलना महिन्याशी करावी, आणि त्यासाठी एक साधी वही ठेवावी : तारीख, दुखणे दहापैकी किती, त्या दिवशी केलेले अवजड काम, झोप. माझ्या वहीतूनच मला कळले की सोमवारचे दुखणे रविवारच्या धुण्याचे होते.

कोणती औषधे चालतात?

सुरुवात बहुधा पॅरासिटामॉलने किंवा आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारख्या दाह कमी करणाऱ्या गोळ्यांनी होते. पॅरासिटामॉल प्रौढांनी २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही जाऊ देऊ नये; यकृताचा त्रास, नियमित मद्यपान किंवा कमी वजन असल्यास मर्यादा याहून बरीच खाली असते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत दोन औषधे एकत्र असतात, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते. एक अंगदुखीची, एक सर्दीची आणि एक ‘शेजारच्या काकूंना लागू पडली ती’ असे करता करता मात्रा केव्हा ओलांडली जाते ते कळत नाही. पाकिटाच्या मागचे घटक वाचावेत.

आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे जेवणानंतर घ्यावीत, कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस. पोटात अल्सर झालेला असेल, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असेल, गोळ्यांनी दमा उठत असेल, रक्त पातळ करणारी औषधे किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नयेत. पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी : ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ज्यांना पोटातून गोळी घेणे अवघड आहे, त्यांच्यासाठी डायक्लोफेनॅकचे मलम किंवा बधिर करणारी लिडोकेनची पट्टी हे सौम्य पर्याय आहेत. दुखणारी जागा कातडीच्या अगदी खाली असल्यामुळे मलमाचा येथे उपयोग होऊ शकतो. मलम किंवा बाम लावल्यावर त्याच जागेवर लगेच गरम पिशवी ठेवू नये, कातडी भाजते.

शेक द्यावा की बर्फ लावावा?

ज्याने बरे वाटेल ते. बहुतेकांना शेक मानवतो. गरम पाण्याची पिशवी, किंवा तव्यावर गरम केलेल्या मिठाची सुती कापडातली पुरचुंडी, १५ ते २० मिनिटे, दिवसातून दोनतीनदा पुरते. मधुमेहामुळे ज्यांची कातडीची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी उष्णता आधी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावी.

मालिश किंवा पायाळू माणसाचा पाय लावून घेणे चालेल का?

छातीच्या आजूबाजूच्या स्नायूंना, खांद्याला आणि पाठीला हलक्या हाताने तेल लावल्यास आराम पडतो. दुखऱ्या सांध्यावर मात्र अंगठा दाबून रगडू नये. तो सांधा आधीच चिडलेला आहे आणि ‘गाठ मोडेपर्यंत’ दाबल्याने तो आणखी चिडतो. पायाळू माणसाकडून उसण काढून घेण्याची रीत अनेक गावांत आहे. श्रद्धेने पाय नुसता टेकवला तर काही बिघडत नाही, पण पाठीवर किंवा छातीवर दाब वा हिसका देऊ देऊ नये. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर स्त्रियांची बरगडी अशा हिसक्याने मोडू शकते.

आणखी एक सवय सोडावी. दुखते आहे का हे पाहण्यासाठी आपण दिवसातून वीस वेळा तीच जागा दाबून पाहतो. मी हे महिनोन्‌महिने केले. हात तिकडे जाणे थांबले तेव्हा स्पर्शाचे दुखणे पंधरा दिवसांत निम्म्यावर आले.

रोजच्या कामांत काय बदलावे?

अंथरुणाला खिळून राहू नये, आणि दुखणे विसरून कामाला जुंपूनही घेऊ नये. वजन शरीराजवळ धरावे आणि दोन्ही हातांत वाटून घ्यावे. एक भरलेली बादली नेण्याऐवजी दोन अर्ध्या न्याव्यात. चादरी आणि जीन्स पिळू नयेत, दोरीवर निथळत ठेवाव्यात किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाने पिळाव्यात. कणीक उंच ओट्यावर न मळता खालच्या पातळीवर, हात सरळ ठेवून, शरीराचे वजन टाकून मळावी. खांद्यावरची एका बाजूची पिशवी सोडून पाठीवरची घ्यावी. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणावा आणि अर्ध्या तासाने एकदा उठावे.

शिंक किंवा खोकला येणार असे वाटले की छोटी उशी छातीशी घट्ट धरावी. अंथरुणातून सरळ उठू नये. आधी न दुखणाऱ्या कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने बसावे. झोपताना उताणे, किंवा न दुखणाऱ्या कुशीवर छातीसमोर उशी कवटाळून, म्हणजे वरचा हात पुढे लोंबकळत नाही. पालथे झोपणे बंद करावे.

घरातल्या बाईला हे दुखणे झाले की ‘काम कमी कर’ असे सगळे म्हणतात आणि काम कोणीच उचलत नाही. हे वाचणाऱ्या घरच्या माणसांना सांगायचे ते एवढेच : धुणे, लादी आणि गॅसची टाकी ही तीन कामे तीन महिन्यांसाठी नावानिशी वाटून घ्या. कोणत्याही मलमापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

व्यायाम कोणते आणि केव्हापासून?

तीव्र कळ ओसरली की, शक्यतो फिजिओथेरपिस्टने एकदा पाहिल्यावर. मला पुढील गोष्टी शिकवल्या गेल्या. पहिली, पोटाने श्वास : उताणे पडून एक हात पोटावर ठेवायचा, नाकाने सावकाश श्वास घेताना पोट वर आले पाहिजे, ५ मिनिटे, दिवसातून दोनदा. दुखण्याच्या भीतीने आपण वरचेवर उथळ श्वास घेऊ लागतो आणि मानेचे, छातीचे स्नायू अधिकच थकतात. हा व्यायाम ते चक्र मोडतो. दुसरी, पाठ मोकळी करणे : पंचाची सैल गुंडाळी करून ती खांद्याच्या पात्यांच्या मध्ये, मणक्याला आडवी ठेवून तिच्यावर उताणे पडायचे, हात बाजूला सोडायचे आणि दोनतीन मिनिटे नुसता श्वास घ्यायचा. तिसरी, दाराच्या चौकटीतला ताण : दोन्ही कोपरे चौकटीला टेकवून एक पाय पुढे टाकायचा, छाती ताणल्यासारखी वाटेपर्यंतच पुढे जायचे, २० ते ३० सेकंद थांबायचे, तीन वेळा. हा ताण सर्वांत शेवटी सुरू करावा. घाईने केल्यास उलटतो.

किती दुखले तर चालेल याचे माप सोपे आहे. व्यायाम करताना थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीच्या पातळीवर आले, तर ठीक. सकाळी वाढलेले असेल तर आदल्या दिवसाचे प्रमाण निम्मे करावे. सोबत रोज अर्धा तास हात मोकळे सोडून चालावे.

प्राणायाम आणि सूर्यनमस्कार चालू ठेवावेत का?

अनुलोम-विलोम आणि ओंकार चालतात. भस्त्रिका आणि कपालभातीत पिंजऱ्याला वेगाने झटके बसतात, ते दुखणे असेपर्यंत थांबवावेत. सूर्यनमस्कारातील अष्टांगासनात छातीवर भार येतो, म्हणून तेही काही काळ बाजूला ठेवावेत. दंड आणि जोर तर नकोच.

इंजेक्शन घ्यावे का?

काही महिने नीट प्रयत्न करूनही एकाच सांध्यात तीव्र दुखत असेल तर बधिर करणारे औषध आणि स्टेरॉइड यांचे इंजेक्शन त्या सांध्याजवळ दिले जाते. काहींना चांगला आराम पडतो, काहींना तात्पुरता. सांध्याच्या मागे लगेचच फुप्फुसाचे आवरण असते, त्यामुळे हे काम सरावलेल्या हातांचे आहे, आणि शक्यतो सोनोग्राफीत बघून करावे. वारंवार घेत राहू नये. मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढून दुखणे मुरलेले असेल, तर अमिट्रिप्टिलीनसारखे, एरवी नैराश्यावर दिले जाणारे, औषध अगदी कमी मात्रेत रात्री देतात. ‘मला मनाची गोळी दिली’ असा गैरसमज करून घेऊ नये, त्या मात्रेत ते दुखण्यावरच काम करते.

सहा महिने झाले, काहीच फरक नाही. आता काय?

निदान पुन्हा तपासून घ्यावे. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ-कंबर आखडलेली असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, इतर सांधे सुजत असतील किंवा सोरायसिस असेल, तर संधिवाततज्ज्ञांना भेटावे. मणक्याचा संधिवात कधीकधी छातीच्या सांध्यांतून बोलतो. अंगभर दुखणे, थकवा आणि न भागणारी झोप असेल तर फायब्रोमायाल्जियाचा विचार होतो. खालच्या बरगड्यांपाशी काही सरकल्यासारखे, कट् आवाज होऊन दुखत असेल तर ८ ते १० क्रमांकाची बरगडी निसटत असण्याची शक्यता असते. पट्ट्यासारखी आग होऊन दोनचार दिवसांत पुरळ उठले तर ती नागीण. छातीवर हळूहळू वाढणारी मऊ गाठ, संध्याकाळचा ताप, वजन घटणे अशी लक्षणे असतील तर आपल्याकडे क्षयरोग वगळलाच पाहिजे, तो बरगडी आणि कूर्चेतही होतो. स्तनात गाठ लागत असेल तर तपासणी वेगळी आणि लगेच.

व्हिटॅमिन डी कमी असल्यास हाडे दुखतात, म्हणून ते एकदा तपासायला हरकत नाही. पण न तपासता ६०,००० युनिटच्या पुड्या महिनोन्‌महिने घेत राहू नये.

हृदय ठीक आहे हे कळूनही भीती जात नाही. हे विचित्र आहे का?

मुळीच नाही. रात्री दोन वाजता छातीत चमक आली की कागदावरचा रिपोर्ट आठवत नाही. भीतीने श्वास उथळ होतो, स्नायू आवळतात, दुखणे वाढते आणि वाढलेल्या दुखण्याने भीती खरी वाटू लागते. मला उपयोगी पडले ते असे : डॉक्टरांना स्पष्ट विचारून घेतले की कोणत्या लक्षणांवर यायचे आणि कोणत्यांवर नाही, आणि ते त्यांच्याच हाताने एका कागदावर लिहून घेतले. तो कागद उशाशी होता. चमक आली की तो वाचायचा, पाच मिनिटे पोटाने श्वास घ्यायचा. दर आठवड्याला नवा कार्डिओग्राम काढून घेतल्याने दिलासा दोन दिवसच टिकतो. भीतीने घराबाहेर पडणे किंवा झोप बंद झाली असेल तर समुपदेशकाची मदत घ्यावी. तो उपचाराचाच भाग आहे.

लहान मुलांना होते का?

होते. मुलांच्या छातीतील दुखणे बहुधा स्नायू, बरगड्या किंवा खोकल्याचेच असते. काही मुलांना स्वस्थ बसलेले असताना अर्धा ते तीन मिनिटे टोचल्यासारखी कळ येते आणि आपोआप जाते, तीही निरुपद्रवी असते. मात्र धावताना दुखणे, धावताना चक्कर येऊन पडणे, किंवा घरात तरुण वयात कोणाचा अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास बालहृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर?

गर्भ वाढताना बरगड्या बाहेर फाकतात, त्यामुळे हे दुखणे नवे नाही. २० आठवड्यांनंतर आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत, आणि त्याआधीही विचारूनच घ्याव्यात. बाळाला पाजताना वाकून छाती बाळाकडे नेण्याऐवजी उशा लावून बाळ छातीच्या उंचीवर आणावे. या काळात अचानक धाप लागली किंवा पोटरी सुजली तर फुप्फुसातील रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.

ढोलपथकात किंवा व्यायामशाळेत परत केव्हा जाता येईल?

खोल श्वास, शिंक आणि कुशीवर वळणे हे तिन्ही सलग दोन आठवडे विनासायास झाले की. पहिल्या आठवड्यात ढोल न बांधता, खाली ठेवून दहा मिनिटे. दुसऱ्या आठवड्यात बांधून दहा. पुढे दर आठवड्याला थोडी भर. व्यायामशाळेत पाय आणि पाठ आधी, बेंचप्रेस आणि डिप्स सर्वांत शेवटी, पूर्वीच्या वजनाच्या चौथाईपासून. मिरवणुकीला सहा आठवडे उरले नसतील तर यंदा ध्वज धरावा किंवा झांज वाजवावी.